पाऊल टेकलं कधी, उचललं कधी? लंगडण्याचं मोजमाप कॉम्प्युटर असं करतो

मिहान (नागपूर) : वर्धा रोडवर खापरीच्या पुढं मिहानात शिरलं की सॉफ्टवेअर कंपन्यांच्या काचेच्या इमारती दिसतात आणि थोडं पुढं गेलं की एम्सचा मोठा परिसर लागतो. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव या गावांच्या वावरांवर हे सगळं उभं झालं. नागपूर एम्सचं लोकार्पण ११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झालं. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर, मेळघाट इतक्या लांबून लोक इथं तपासायला येतात. हाडांच्या ओपीडीत येणाऱ्यांपैकी कित्येकांची तक्रार एका ओळीची असते : "चालताना पाय लचकते."

आता हे लचकणं डॉक्टरनं लिहायचं कसं? ताप असला तर आकडा आहे, बीपीला आकडा आहे, साखरेला आकडा आहे. लंगडण्याला मात्र "थोडा लंगडतो", "जास्त लंगडतो" एवढंच. सहा महिन्यांनी तोच रुग्ण परत आला तर पाय सुधरला की बिघडला, हे डॉक्टरच्या आठवणीवर आणि घरच्यांच्या सांगण्यावर. हाच आकडा काढायचं एक शास्त्र आहे. त्याची सुरुवात एका साध्या प्रश्नापासून होते : पाऊल जमिनीला नेमकं कधी टेकलं आणि नेमकं कधी उचललं?

प्रश्न सोपा वाटतो, पण उत्तर डोळ्यानं सापडत नाही. धडधाकट माणूस साध्या चालीनं चालताना एक टाच टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंत साधारण एक सेकंद किंवा थोडा जास्त वेळ लागतो. त्यातला सुमारे ६० टक्के वेळ तो पाय जमिनीवर असतो आणि ४० टक्के वेळ हवेत. दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर असतात असे दोन लहान तुकडे प्रत्येक फेरीत येतात, प्रत्येकी सुमारे १० टक्क्यांचे. चालणं आणि धावणं यातला फरकही इथंच आहे. धावताना दोन्ही पाय जमिनीवर असल्याचा क्षण येतच नाही, उलट दोन्ही हवेत असल्याचा येतो.

या फेरीचा क्रम ठरलेला असतो. उजवी टाच टेकते, मग डावा अंगठा उचलतो, मग डावी टाच टेकते, मग उजवा अंगठा उचलतो आणि पुन्हा उजवी टाच. हे चार क्षण बरोबर पकडले की बाकीचं सगळं हिशोबानं निघते : कोणता पाय किती वेळ भार घेतो, पाऊल किती लांब पडते, डावं-उजवं सारखं आहे की नाही. क्षणच चुकीचा धरला तर पुढचे सगळे आकडे चुकीचे.

ज्याचा पाय दुखतो तो त्या पायावर कमी वेळ उभा राहतो, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. काटा रुतलेला माणूस बघा, दुखऱ्या पायावर भार पडला की झटकन दुसरा पाय टाकतो. समजा, एखाद्याचा डावा पाय जमिनीवर ०.६८ सेकंद राहते आणि उजवा ०.६२ सेकंद. फरक ०.०६ सेकंदाचा. डोळ्याला तो "काहीतरी खटकते" एवढाच दिसतो. साधा मोबाइल सेकंदाला ३० चित्रं घेतो, म्हणजे दोन चित्रांत ०.०३३ सेकंदाचं अंतर. दोन चित्रं इकडची तिकडं झाली की सगळा फरक गायब. म्हणून प्रयोगशाळेत सेकंदाला १०० किंवा त्याहून जास्त चित्रं घेणारे कॅमेरे लावतात. तिथं हाच फरक सहा चित्रांचा होतो आणि मोजता येतो. शंकरपट पाहणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. तिथंही जोडीचा निकाल सेकंदाच्या तुकड्यावरच लागतो.

घोड्यापासून सुरुवात

हा प्रश्न कॅमेऱ्यानं सोडवायची सुरुवात माणसापासून नाही, घोड्यापासून झाली. दौडताना घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात का, यावर अमेरिकेत वाद होता. १८७८ साली एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकारानं कॅलिफोर्नियात धावपट्टीच्या कडेनं कॅमेऱ्यांची रांग लावली आणि घोडा पुढं सरकेल तसे एकामागून एक फोटो घेतले. चारही पाय सुटतात, हे फोटोत दिसलं. मात्र चित्रकार दाखवत होते तसे पाय पुढं-मागं ताणलेले असताना नाही, तर पोटाखाली गोळा झालेले असताना. शेकडो वर्षं माणसं घोडा पाहत होती, पण तो क्षण कुणाच्या डोळ्यानं पकडला नव्हता.

त्याच शतकाच्या शेवटी जर्मनीत ब्राउन आणि फिशर या दोघांनी माणसाच्या अंगावर प्रकाशाच्या नळ्या बांधून चालीचे फोटो घेतले आणि हातानं हिशोब केला. एका माणसाच्या थोड्याशा पावलांचा हिशोब करायला त्यांना महिनोन् महिने लागले. आता तेच काम कॉम्प्युटर चहा पिऊन होईपर्यंत करतो.

आजच्या पद्धतीत रुग्णाच्या टाचेवर, अंगठ्याजवळ, घोट्यावर, टोंगळ्यावर, खुब्यावर आणि कमरेवर बोराएवढे चमकणारे मणी चिकटवतात. भोवतीचे कॅमेरे न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश टाकतात, मणी तो परत फेकतात आणि प्रत्येक मणी खोलीत नेमका कुठं आहे ते कॉम्प्युटर सेकंदाला शंभर वेळा लिहून ठेवतो. यालाच मोशन कॅप्चर म्हणतात. सिनेमात माणसाच्या हालचालीवरून राक्षस किंवा माकड नाचवतात ते याच तंत्रानं.

जमिनीत एक वजनकाट्यासारखी पाटी बसवलेली असते. पाय तिच्यावर पडला की भार चढतो, सुटला की शून्य होतो. पाय टेकल्याचा सगळ्यात पक्का पुरावा हाच. पण अडचण अशी की पाटी एक-दोनच असतात आणि पाऊल बरोबर पाटीवर पडलं तरच उपयोग. रुग्णाला "पाटीवर पाय ठेवा" असं सांगितलं की तो नेम धरून चालतो आणि चाल बदलते. लहान मुलं, कुबडी घेणारे, पाय ओढत चालणारे यांचं पाऊल तर पाटीच्या कडेवर नाहीतर दोन्ही पाय एकाच पाटीवर. मग पंधरा पावलं चालला तरी पक्का पुरावा एका-दोघांचाच मिळतो. उरलेल्या पावलांचे क्षण मण्यांच्या नोंदीतूनच शोधावे लागतात.

नमुना घ्या, रेघेवर सरकवा

इथं नमुना जुळवणीची पद्धत कामाला येते. धान्य घेणारा व्यापारी पोत्यात बंबी मारून मूठभर दाणा काढतो आणि त्यावरून पोत्याचा अंदाज घेतो, तसाच हा प्रकार. फक्त उलट्या दिशेनं : माहीत असलेला नमुना हातात घेऊन बाकीच्या ढिगात त्याच्यासारखं काय आहे ते शोधायचं.

टाचेवरचा मणी जमिनीपासून किती उंच आहे, याची कॉम्प्युटरकडं लांबलचक आकड्यांची रांग असते. पाटीवर जे एक पाऊल बरोबर पडलं, त्याच्या आसपासचे आकडे कापून घ्यायचे. समजा ते मिलिमीटरमध्ये असे आहेत : ९०, ७२, ५४, ४२, ४०. टाच खाली येत येत चौथ्या आकड्याला टेकली. (टेकल्यावरही मणी चार सेंटिमीटरवर राहतो, कारण तो टाचेच्या मागं चिकटवलेला आहे, तळव्याखाली नाही.) हा झाला नमुना. आता तो पूर्ण रांगेवर एकेक घर पुढं सरकवत जायचा आणि प्रत्येक ठिकाणी फरकाची बेरीज करायची.

एका जागी रांगेत ९२, ७३, ५५, ४१, ४० असे आकडे सापडले. नमुन्याशी फरक २, १, १, १ आणि ०, बेरीज फक्त ५. दुसऱ्या जागी ४०, ४१, ४०, ४२, ४३ आहेत, तिथं फरक ५०, ३१, १४, ० आणि ३, बेरीज ९८. पहिल्या ठिकाणी टाच टेकलेली आहे, दुसऱ्या ठिकाणी पाय आधीच जमिनीवर उभा आहे. जिथं जिथं बेरीज खड्ड्यासारखी खाली जाते तिथं तिथं टाच टेकली असं धरायचं. नमुन्यात टेकण्याचा क्षण चौथ्या घरात होता, म्हणून सापडलेल्या तुकड्यातही चौथं घर. अंगठा उचलण्यासाठी वेगळा नमुना, दुसऱ्या पायासाठी आणखी वेगळा.

पाचच आकडे इथं समजायला घेतले. खऱ्या कामात नमुना लांब असतो आणि नुसती उंची धरत नाहीत. टाच पुढं किती गेली, किती वेगानं खाली आली, हेही सोबत जुळवतात. लहान पोराची टाच मोठ्या माणसाइतकी उचलत नाही. त्यामुळं आकडे जसेच्या तसे जुळवले तर पोराचं पाऊल सापडणारच नाही. त्यासाठी आधी प्रत्येक तुकड्याची सरासरी वजा करतात आणि चढउताराच्या मापानं भागतात. मग उंची उरत नाही, फक्त आकार उरतो. आकारानं आकार जुळवायचा.

दुसरी गोष्ट वेगाची. रुग्ण आज हळू चालला, उद्या जरा लवकर. आकार तोच, पण ताणलेला. यावर एक युक्ती आहे, नमुना रबरासारखा जागोजागी ताणून किंवा दाबून बघायचा आणि सगळ्यात कमी ताणात जुळते का ते पाहायचं. जपानच्या साकोए आणि चिबा यांनी १९७८ साली या पद्धतीवर लिहिलेला लेख नावाजलेला आहे, तोही बोललेला शब्द ओळखण्यासाठी. कुणी "नागपूर" झटकन म्हणतो, कुणी लांबवून म्हणतो, शब्द एकच. पावलालाही तेच लागू पडते.

किती जुळलं म्हणजे जुळलं, ही रेघ मात्र माणसानंच ठरवायची असते आणि भांडण तिथंच होते. रेघ कडक ठेवली तर अडखळत पडलेलं पाऊल सुटते. सैल ठेवली तर रुग्णानं नुसता पाय हलवला तरी मशीन "टाच टेकली" म्हणते. म्हणून वर सांगितलेला क्रम राखणदारासारखा वापरतात. उजवी टाच टेकल्यावर मधात डावा पाय काहीच न करता पुन्हा उजवी टाच टेकूच शकत नाही. असं दिसलं तर दोनपैकी एक नोंद खोटी.

नमुना कोणाचा, हा खरा प्रश्न

नमुना न वापरता सरळ नियम लावायच्याही पद्धती आहेत. एक सोपा नियम असा की कमरेच्या मण्यापासून टाच सगळ्यात पुढं गेली तो क्षण म्हणजे टेकली आणि अंगठा सगळ्यात मागं राहिला तो क्षण म्हणजे उचलला. धडधाकट माणसात हा नियम चांगला चालतो. पण दवाखान्यात येतो तो धडधाकट नसतोच. विदर्भातल्या रुग्णांकडं पाहिलं तर अडचण लगेच कळते.

कुष्ठरोगात टोंगळ्याच्या बाहेरच्या बाजूची नस गेली की पंजा वर उचलत नाही, लोंबतो. वरोऱ्याच्या आनंदवनात आणि वर्ध्याजवळच्या दत्तपूरला अशा पायाची माणसं कित्येक वर्षांपासून सांभाळली गेली. असा माणूस पाय अडकू नये म्हणून टोंगळा उंच उचलतो आणि जमिनीला आधी टाच नाही, चवडा लागतो. लाखोळीच्या डाळीचा प्रकार आणखी वेगळा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या धानपट्ट्यात धान उभं असतानाच बांधीत लाखोळी फेकायची पद्धत जुनी. दुष्काळात बराच काळ तीच डाळ मुख्य अन्न झाली की तिच्यातल्या विषानं पायाच्या नसा कायमच्या आखडायच्या. याच कारणानं देशात १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदीचा नियम आला. त्या रोगाचा माणूस चवड्यावर चालतो, मांड्या एकमेकींवर कात्रीसारख्या येतात, टाच टेकतच नाही. लकवा झालेला पाय ओढतो, जन्मतः मेंदूला इजा झालेलं मूल बोटांवर चालते.

या सगळ्यांत "टाच टेकली" हा क्षण मशीन शोधत बसते आणि तो क्षणच नसतो. विदेशातल्या सपाट फरशीवर, चांगले बूट घालून चाललेल्या निरोगी तरुणाचा नमुना घेऊन मेळघाटातल्या अनवाणी बाईची चाल जुळवायला गेलं, तर मशीन खोटं बोलणार आणि आत्मविश्वासानं बोलणार. त्यामुळं शहाणपणाची पद्धत हीच की नमुना त्याच रुग्णाचा घ्यावा. त्याचं एक पाऊल पाटीवर पक्कं मिळालं, किंवा जाणकारानं व्हिडिओ थांबवून थांबवून हातानं खूण केली, की तोच तुकडा त्याच्या बाकी पावलांवर सरकवायचा. टाच आधी पडो की चवडा, त्याच्यापुरतं ते खरं असते. नमुना जुळवणीचा नियमांच्या पद्धतीवरचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे. मेहनत थोडी वाढते, प्रत्येक रुग्णामागं नवा नमुना कापावा लागतो, पण त्याला पर्याय दिसत नाही.

आणखी एक अडचण पुस्तकात कमी आणि दवाखान्यात जास्त : कपडे. मणी कातडीवर चिकटवायचे असतात. लुगड्याआड टोंगळ्याचा मणी दिसत नाही, धोतराचा सोगा हलला की कॅमेऱ्यासमोरचा मणी लपतो आणि आकड्यांच्या रांगेत भोक पडते. म्हातारी माणसं, विशेषतः बाया, अर्ध्या चड्डीवर परक्यासमोर चालायला संकोचतात आणि संकोचलेला माणूस नेहमीसारखा चालत नाही. आता मणी न लावता नुसत्या व्हिडिओवरून सांधे ओळखणारे प्रोग्रॅम निघाले आहेत. त्यानं सोय होते, पण लुगड्याआडचा टोंगळा तेही अंदाजानंच ठरवतात.

सिकलसेलच्या घरांसाठी का महत्त्वाचं

विदर्भात या मोजमापाची सगळ्यात जास्त गरज कुठं असेल तर सिकलसेलमध्ये. केंद्र सरकारनं १ जुलै २०२३ रोजी मध्यप्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची देशव्यापी मोहीम सुरू केली. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, गोंदिया या पट्ट्यात हा आजार नवा नाही. रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक नळ्या तुंबवतात. अंगदुखीचे झटके सगळ्यांना माहीत आहेत. कमी माहीत असलेली गोष्ट ही की मांडीच्या हाडाच्या गोळ्याला, म्हणजे खुब्याच्या आतल्या चेंडूला, रक्त पोचलं नाही तर ते हाड मरायला लागते. हे पंचविशीच्या आतल्या पोरापोरींनाही होते.

सुरुवातीला साध्या एक्स-रेमध्ये काही दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. दुखणं कधी जांघेत, तर कधी टोंगळ्यात जाणवते, म्हणून लोक टोंगळ्याला तेल चोळत बसतात. हाडाचा गोळा चेपायच्या आधी निदान झालं तर तो वाचवण्यासाठी भार कमी करणं, हाडाला छिद्र पाडून आतला दाब कमी करणं असे उपाय करून पाहता येतात. गोळा चेपला, सांधा झिजला की मग अखेरीस खुबा बदलायची वेळ येते. वीस-बावीस वर्षांच्या पोरासाठी ती गोष्ट साधी नाही, कारण बदललेला सांधा जन्मभर पुरेलच असं नसते.

चालीत मात्र बदल आधी दिसू शकतो. दुखऱ्या पायावर कमी वेळ, दुसऱ्यावर जास्त. खुब्याच्या बाजूचा स्नायू कमजोर झाला की कंबर एका बाजूला खाली झुकते, ही खूण जर्मन सर्जन ट्रेंडेलेनबर्ग यांनी १८९५ साली सांगितली होती. दर तपासणीला दोन्ही पायांचा जमिनीवरचा वेळ मोजून फाइलीत लिहिला, तर फरक वाढतो आहे हे कागदावर येईल आणि एमआरआयसाठी कुणाला आधी पाठवायचं हे ठरवता येईल. चालीच्या आकड्यानं निदान होत नाही. निदान एमआरआयनंच. आकडा फक्त सांगतो की इकडं बघा.

बैलबाजारातला जाणता गडी हेच काम बिनमशीनचं करतो. गवळाऊ बैल घेताना तो बैलाला कडक जमिनीवर चालवतो आणि पायापेक्षा डोक्याकडं जास्त बघतो. पुढचा दुखरा पाय टेकला की बैल मान वर झटकतो, चांगला टेकला की खाली आणतो. तोही नमुनाच जुळवतो, फक्त नमुना त्याच्या डोक्यात असतो आणि त्याच्यासोबतच जातो.

घरी सिकलसेलचा रुग्ण असेल आणि चाल बदलल्यासारखी वाटत असेल, तर दवाखान्यात जाताना मोबाइलमधला व्हिडिओ डॉक्टरच्या कामी येऊ शकतो. कडक, सपाट जागा निवडावी, वावर किंवा गिट्टीचा रस्ता नको. रुग्ण अनवाणी किंवा रोजच्या चपलेत चालावा, टोंगळे उघडे असावेत. मोबाइल टोंगळ्याच्या उंचीवर स्थिर ठेवून, एकदा डाव्या बाजूनं, एकदा उजव्या बाजूनं आणि एकदा मागून, प्रत्येक वेळी दहा-बारा पावलं घ्यावीत. फोनमध्ये स्लो मोशन असेल तर तेच लावावं, कारण त्यात सेकंदाला १२० किंवा २४० चित्रं येतात आणि पाऊल टेकल्याचा क्षण थांबवून पाहता येते. "नीट चाल" असं रुग्णाला सांगू नये. व्हिडिओची तारीख फोन आपोआप लिहितो, म्हणून तो मिटवू नये आणि तीन महिन्यांनी त्याच जागी दुसरा घ्यावा. जांघेत दुखणं असेल, मांडी आत वळवताना कळ येत असेल, तर व्हिडिओसाठीही थांबू नये, सरळ हाडांच्या ओपीडीत जावं आणि सिकलसेलचं कार्ड सोबत न्यावं.